आधी अपूर्णांक, दशांश की थेट टक्के?

सुट्टीत मुलाचं गणित पक्कं करायला बसलात की पहिलाच प्रश्न येतो, सुरुवात कुठून? तिन्ही एकाच गोष्टीची रूपं, मग कुठूनही करा, असं लोक सांगतात. पोरांना घरी बसवून शिकवल्यावर मला ते पटेनासं झालंय.

आधी इंदूरच्या मराठी घरांची एक खास अडचण. शाळेत हिंदीतून ‘भिन्न’, घरी मराठीत अपूर्णांक. शाळेत ‘हर’, घरी छेद. शाळेत ‘दशमलव’, घरी दशांश. वहीच्या पहिल्या पानावर या जोड्या लिहून ठेवा, नाहीतर अर्धा तास नावं जुळवण्यातच जातो.

अपूर्णांकांची जमेची बाजू म्हणजे मूल ते आधीपासून बोलत असतं. पाव किलो शेव, पाऊण तास, दीड, अडीच. जुन्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाढ्यांसारखी घोकली होती. रुपयाचे १६ आणे, चार आणे म्हणजे पाव. अपूर्णांक खिशातच खुळखुळायचे. १ एप्रिल १९५७ला १०० नव्या पैशांचा रुपया आला आणि ते संपलं. दुखणं आहे ते बेरजेचं. १/३ + १/४ = २/७ असं लिहिणारं पोर घरोघरी सापडतं. त्याला छेद समान करायला लगेच सांगू नका. तिसरा हिस्सा पोळीत आणखी पाव पोळी घातली, तर २/७, म्हणजे आधीपेक्षाही कमी पोळी कशी उरली, एवढंच विचारा. चूक त्याची त्यालाच दिसते.

दशांशात बेरीज सोपी, टिंबाखाली टिंब मांडलं की झालं. आणि तिथंच मूल फसतं. शेवेच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाव किलोला ०.२५० दाखवतो. विचारा, ‘०.२५० मोठं की ०.५?’ बरीच मुलं ०.२५० म्हणतात, कारण २५० मोठे ना! पाव आणि अर्धा आधी कळला असेल तर हा घोळ होत नाही.

टक्के तुलनेला उत्तम. २५ पैकी १८ बरे की २० पैकी १५? ७२ आणि ७५, निकाल लागला. पण टक्के पहिले शिकवू नका. ‘कशाचे टक्के’ हा प्रश्नच मूल विसरतं. ५०० रुपये २० टक्क्यांनी वाढले की ६००. तेच ६०० मग २० टक्क्यांनी उतरले की ४८०, ५०० नाहीत. दुकानावरची ‘५० + २० टक्के सूट’ ७० नसून ६० असते (२० टक्के उरलेल्या अर्ध्यावरच), हे आपल्यालाही पटकन कळत नाही.

माझा कौल अपूर्णांक, मग दशांश, शेवटी टक्के. तिन्ही एकत्र दाखवायचे असतील तर मुलाला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोन्या-चांदीच्या बाजारात न्या, पण दिवसा. रात्री तिथं खाऊगल्ली भरते, त्याचं लक्ष जिलेबीवरच असणार. २२ कॅरट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोनं. भागाकार त्यालाच करू द्या: ०.९१६६६… दागिन्यावरचा ९१६चा शिक्का तिथून येतो, आणि तेच साधारण ९१.७ टक्के. १८ कॅरटवर ७५० का, हे मग ते स्वतः सांगेल.

परीक्षा दहा दिवसांवर असेल तर मात्र क्रम सोडा. १/२, १/४, १/५, १/८ आणि १/१० यांची तिन्ही रूपं पाठ करून घ्या. १/८ चे साडेबारा टक्के हमखास विसरतात, ते रोज विचारा.