दूध, डिझेल की गॅस? घाटात पहिला टँकर कोणता धरावा

हेवी लायसन्स आहे, मालट्रकवर दोन-तीन वर्षं काढली आहेत आणि आता टँकर धरायचाय. बहुतेक जण पगार आणि ‘माल पेट घेतो की नाही’ एवढंच बघून ठरवतात. घाटाच्या रूटवर त्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारा: टाकी किती भरून चालणार? आणि भरलेली गाडी घाट चढणार की उतरणार?

पोती बांधली की जागची हलत नाहीत. टाकीतला माल मात्र ब्रेक मारला की पुढे धावतो आणि वळणावर बाहेरच्या अंगाला चढतो. गच्च भरलेल्या टाकीत त्याला हलायला जागा नसते. सगळ्यात वाईट अर्धी टाकी. वजनही असतं आणि मोकळी जागाही.

दुधाचा टँकर. लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही, सांडलं तर नुकसान पैशाचं. म्हणून नवख्याला हाच सोपा, असा समज आहे. चालवायला तो सोपा नाही. आतून धुवायला सोपं जावं म्हणून दुधाच्या कप्प्यात लाट अडवणारे आडवे पडदे नसतात आणि कप्पेही दोन-तीनच, मोठे. ब्रेक मारून गाडी थांबली तरी दुधाची लाट मागून येऊन ढकलते. पाय लगेच उचलला तर गाडी पुढे सरकते. शिवाय दूध जड. २० हजार लिटर म्हणजे साडेवीस टनांच्या वर. तेवढंच पेट्रोल पंधरा टनांच्या आसपास भरतं. कोल्हापूरकडून मुंबईला जाणारा टँकर बोरघाट भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो, म्हणजे अवघड बाजू नेमकी भरल्या गाडीला.

त्यातही फरक आहे. प्लांट ते डेअरी अशी पूर्ण भरलेली फेरी वेगळी आणि चार शीतकरण केंद्रं फिरत थोडं थोडं भरणारी वेगळी. दुसरीत प्रत्येक टप्प्यावर गाडीचा स्वभाव बदलतो. तशा फेरीवर जावंच लागलं तर दोन कप्पे अर्धे ठेवण्यापेक्षा एक पूर्ण भरून घ्या, फक्त एक्सलवरचं वजन बघून.

पेट्रोल-डिझेलचा टँकर. १२ हजार लिटरची छोटी गाडी हाताळायला तिघांत सगळ्यात सरळ. कप्पे लहान, त्यामुळे लाट तयार व्हायला जागा कमी. गडबड होते ती माल उतरवायला लागल्यावर. पुढचे कप्पे रिकामे करून फक्त शेवटचा भरलेला ठेवलात, तर चढावर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पुढच्या पंपापर्यंत घाट असेल तर कोणता कप्पा आधी उतरवायचा, हे डेपोतच ठरवा. घाटमाथ्यावरच्या डेपोतून कोकणात निघालेली गाडी आंबा किंवा करूळ घाट भरलेलीच उतरते.

धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर नोंद लागते. नोंद तीन वर्षं चालते.

गॅसचा बुलेट, म्हणजे एलपीजीचा लांबट गोल टँकर. साधारण १८ टन गॅस, बऱ्याचदा ट्रेलरवर. टाकी कधीच पूर्ण भरत नाहीत. गॅस तापून फुगतो म्हणून ८५ टक्क्यांच्या आसपास थांबवतात. आत पडदे असतात, पण गाडी उंच, वळणावर आडवी व्हायला तयार. ओल्या उतारावर जोरात ब्रेक लागला तर मागची टाकी घोड्याच्या, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीच्या, बाजूने वळून येते. उरणहून पुण्याकडे जाणारा टँकर घाट भरलेला चढतो, हे त्यातल्या त्यात बरं. पण उतरताना ‘रिकामा’ म्हणतात त्यातही वाफ भरलेली असते. गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा जड, दरीकडे आणि नाल्यात उतरतो. इंजिन बंद करा, वारा जिकडून येतो तिकडे, चढाच्या बाजूला चालत जा, मागच्या गाड्या लांबच थांबवा.

आमचा कौल: पहिलं वर्ष दूध, पण प्लांट ते डेअरीच. नोंद काढून झाली असेल आणि शेजारी जुना ड्रायव्हर बसणार असेल, तर छोटा डिझेल टँकर दुधापेक्षाही चांगला. थोडं थोडं भरणारी दुधाची फेरी त्यानंतर. गॅस शेवटी, पगार कितीही असला तरी.

उतरण्याची पद्धत तिन्हींना एकच. खालचा गिअर घाटमाथ्यावरच टाका. उतारात वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा. वेग २५ वर गेला की ब्रेक ठाम दाबून १५ वर आणा आणि पूर्ण सोडा. पाय हलका टेकवून ठेवला तर ड्रम तापून फुगतात, लाइनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. सारखं पंपिंग केलं तर ब्रेकच्या टाकीतली हवा संपते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही.

उतार सुरू होण्याआधी जागा बघून गाडी लावा. हवेचा काटा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करून पेडल दाबून धरा आणि काटा घसरतो का बघा. मग खाली उतरून चाकांना अडण्या लावा, प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन अंदाज घ्या. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो ब्रेक घासतोय. एकच गार लागला तर तो काम करत नाही. दोन्हीत आधी स्लॅक, म्हणजे ब्रेकचा ढिलेपणा, तपासून घ्या, मगच घाट उतरा.