रायफलचे काडतूस पहिल्यांदा भरताना कोणती पावडर घ्यावी? चार पर्यायांची तुलना

अमेरिकेत रायफल नेमबाजी करणारे बरेच जण वापरलेल्या पितळी पुंगळ्या टाकून न देता त्या घरीच पुन्हा भरतात. पुंगळी साफ करून मूळ मापात आणायची, नवा प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसवायचा, मोजून पावडर ओतायची आणि वर गोळी बसवायची, असे हे काम आहे. यांतील पावडरच नवख्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकते, कारण दुकानाच्या फळीवर ओळीने लावलेल्या डब्यांवरची नावे आणि आकडे त्याला काहीच सांगत नाहीत. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, विक्रीसाठी बनवायची असल्यास लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने काडतुसांच्या निर्मितीवर परवान्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे पुढील तुलना अमेरिकेत राहणाऱ्या वाचकासाठीच आहे.

तुलनेसाठी हॉजडन कंपनीच्या चार पावडरी घेतल्या आहेत: एच ४८९५, व्हार्गेट, एच ३३५ आणि एच ४३५०. नवख्याकडे सहसा .२२३ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर यांपैकी एका मापाची रायफल असते आणि या तिन्ही मापांसाठी या चौघींपैकी किमान एक तरी योग्य ठरते.

पहिला प्रश्न जळण्याच्या वेगाचा आहे. लहान पुंगळी आणि हलकी गोळी असेल तर त्यामानाने लवकर जळणारी पावडर लागते. मोठी पुंगळी, अरुंद नळी आणि लांब, जड गोळी असेल तर सावकाश जळणारी लागते, कारण गोळी पुढे सरकून मागे जागा होईपर्यंत वायूचा दाब आवरलेला राहिला पाहिजे. .२२३ साठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आणि .३०८ साठी ६२,००० पीएसआय आहे. चुकीच्या पावडरीने ही मर्यादा ओलांडली, तर हानी रायफलीपुरती राहत नाही, रायफल गालाला लावून उभ्या असलेल्या माणसालाही ती पोहोचते. आपल्या चौघींमध्ये एच ३३५ सर्वांत लवकर जळते, तिच्यामागे एच ४८९५ आणि व्हार्गेट एकमेकींजवळ आहेत, आणि एच ४३५० बरीच सावकाश आहे. तथापि वेगाचा तक्ता केवळ क्रम सांगतो. किती ग्रेन (पावडर तोलण्याचे छोटे एकक) भरायची हे त्यावरून कधीही ठरवू नये. ते ठरवायचे भरणीच्या प्रमाणित पुस्तकातील त्याच पावडरीच्या, त्याच गोळीच्या ओळीवरून, आणि सुरुवात करायची तिथे दिलेल्या किमान प्रमाणापासून.

दुसरा फरक दाण्याच्या आकाराचा आहे आणि रोजच्या कामात तोच सर्वांत जास्त जाणवतो. एच ३३५ चे दाणे बारीक आणि गोलसर असतात; मापकाच्या (पावडर मोजून ओतणाऱ्या साधनाच्या) नळीतून ते रव्यासारखे सरसर उतरतात आणि एका भरणीचे वजन दुसरीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. उरलेल्या तिघींचे दाणे शेवयांच्या चुऱ्यासारखे दांडुक्यांच्या आकाराचे आहेत. मापकाचा दांडा ओढताना असा एखादा दाणा फिरत्या पात्याच्या कडेला अडकतो, हाताला किंचित विरोध लागतो, कच्च असा आवाज येऊन दाणा कापला जातो, आणि ती भरणी थोडी कमी किंवा जास्त उतरते. म्हणून दांडुक्याच्या पावडरीने काम करणारा माणूस मापकावर थोडी कमी भरणी टाकतो आणि उरलेले दाणे चिमटीने काट्याच्या पारड्यात सोडत वजन पुरे करतो. यात वेळ जातो, पण नवख्याने पहिली काही शेकडा काडतुसे अशीच, प्रत्येक भरणी वजन करून भरावीत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे गोल दाण्याची सोय हा सुरुवातीला तरी निर्णायक मुद्दा ठरत नाही.

तापमानाच्या बाबतीत पारडे निःसंशय दुसऱ्या बाजूला झुकते. एच ४८९५, व्हार्गेट आणि एच ४३५० या तिन्ही कंपनीच्या ‘एक्स्ट्रीम’ मालिकेतील आहेत आणि त्या उष्णतेने किंवा थंडीने फार बदलू नयेत अशाच बनवलेल्या आहेत. एच ३३५ मध्ये हा फरक अधिक जाणवतो. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये उन्हात पडलेले काडतूस आणि मिनेसोटाच्या नोव्हेंबरमध्ये खिशातून काढलेले काडतूस यांचा दाब सारखा नसतो. त्यामुळे गारव्यात कमाल मर्यादेजवळ तयार केलेली भरणी उन्हाळ्यात ती ओलांडू शकते, आणि हा धोका नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

एच ४८९५ कडे आणखी एक गुण आहे, आणि केवळ त्यासाठी मी तिला व्हार्गेटच्या आधी ठेवतो. या पावडरीची भरणी पुस्तकातील कमाल प्रमाणाच्या साठ टक्के इतकी खाली आणता येते, त्याखाली नाही, असे कंपनी स्वतः सांगते. त्यामुळे मुलाला किंवा पहिल्यांदाच रायफल धरणाऱ्याला खांद्यावर कमी धक्का देणारे काडतूस बनवता येते. हा नियम मात्र इतर कोणत्याही पावडरीला लावू नये. सावकाश जळणारी पावडर मोठ्या पुंगळीत फार कमी भरल्यास दाब अनपेक्षितपणे चढू शकतो. अचूकतेत आणि .३०८ च्या निशाणेबाजीतील लोकप्रियतेत व्हार्गेट काकणभर सरसच आहे, पण त्याच लोकप्रियतेमुळे ती दुकानात अनेकदा संपलेली असते.

एच ४३५० घ्यायची ती ६.५ क्रीडमूर किंवा .३०-०६ साठी. .२२३ च्या छोट्या पुंगळीत तिचा उपयोग नाही, त्यामुळे दोन रायफली असणाऱ्याने ‘एकच डबा दोन्हींना’ हा विचार तिच्या बाबतीत सोडून द्यावा.

आकड्यांचा एक सापळा येथे सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडे उरलेली ४८९५ विकायला सुरुवात केली. मूळ आयएमआर (‘इम्प्रूव्ह्ड मिलिटरी रायफल’) पावडरी ड्यूपाँ कंपनीच्या होत्या, आणि २००३ पासून आयएमआर हे नावही हॉजडनकडे आले. म्हणून आज एकाच फळीवर एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५, तसेच एच ४३५० आणि आयएमआर ४३५० शेजारी उभ्या दिसतात. आकडा सारखा असला तरी या वेगळ्या पावडरी आहेत आणि एकीचे प्रमाण दुसरीला चालत नाही. डबा उचलताना आकड्याआधीचे अक्षर मोठ्याने वाचावे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे: एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, त्यामुळे २५ ग्रेनची भरणी धरली तर एका डब्यात २८० काडतुसे होतात आणि ४२ ग्रेनची धरली तर सुमारे १६६. (हे आकडे हिशेबापुरते आहेत, भरणीचे प्रमाण म्हणून नाहीत.)

यावरून माझी शिफारस अशी आहे. .३०८ किंवा .२२३ असेल तर एच ४८९५ घ्यावी, ती न मिळाल्यास व्हार्गेट. ६.५ क्रीडमूर असेल तर थेट एच ४३५०. एच ३३५ चा विचार .२२३ ची काडतुसे शेकड्यांनी लागू लागल्यावर आणि मापकावर हात बसल्यावर करावा. आठ पौंडांचा डबा स्वस्त पडतो, तरी पहिला डबा एक पौंडाचाच घ्यावा, त्यावरचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) वहीत टिपावा, मेजावर एका वेळी एकच पावडर ठेवावी आणि काम संपताच मापकातली उरलेली पावडर तिच्या मूळ डब्यात परत ओतावी. पुढच्या डब्याचा लॉट वेगळा निघाला, तर भरणी पुन्हा खालच्या प्रमाणापासून वर न्यावी.