महालिया जॅक्सनचा ‘ब्लेस धिस हाउस’: आठ महिने ऐकल्यानंतर

गेल्या आठवड्यात रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई बसवली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ कुठेही न अडखळता ऐकलं. म्हणून आता लिहितोय.

महालिया जॅक्सन म्हणजे अमेरिकेतल्या गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या गायिका. हे गाणं असलेल्या त्यांच्या 1956 च्या ‘ब्लेस धिस हाउस’ अल्बमची जुनी तबकडी मी 1,800 रुपयांना घेतली. ‘उत्तम स्थितीत’ असं सांगितलं होतं. हातात आली तेव्हा आतलं पाकीट गायब, आणि नेमकी ‘प्रेशस लॉर्ड’मध्ये सुई एकाच जागी घुटमळायची. विक्रेत्याने परत घ्यायला साफ नकार दिला. महिनाभर भांडलो. आता समजलं की घुटमळणं माझ्याच झिजलेल्या सुईमुळे होतं. 650 रुपयांत ते दुखणं गेलं. तेवढी तक्रार मागे घेतो. खरखर मात्र तबकडीचीच आहे आणि 1,800 रुपयांत ती खपवून घ्यायला मी तयार नाही.

आता गाण्याबद्दल. सुरुवातीला मला एकच गोष्ट खटकली आणि ती इतकी खटकली की बाकी काही ऐकूच येईना: महालियाबाई शब्दाच्या मधेच श्वास घेतात. ओळ संपायची वाट बघत नाहीत, दोन अक्षरांच्या मधे तोडतात. आई मिरजेला बारा वर्षं गाणं शिकली. शब्द तोडून श्वास घेतला की थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे, हे ऐकतच मी मोठा झालो. त्यामुळे पहिले तीन महिने ‘आवाज अफाट, पण दम कमी’ असं मी सगळ्यांना सांगत होतो.

ते मत आता पार बदललंय, आणि बदललं आईमुळे. एका दुपारी ती भाजी निवडत बसली होती, रेकॉर्ड चालू होती. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती थांबली आणि म्हणाली, “अरे, ही श्वास चोरत नाही. आम्ही जन्मभर चोरायला शिकलो. ही उघड घेते.” त्यानंतर मी ‘प्रेशस लॉर्ड’ किती वेळा लावलं, मोजलं नाही. त्याला ठेका जवळपास नाहीच. मिल्ड्रेड फॉल्सचा पियानो आणि राल्फ जोन्सचा ऑर्गन बाईंच्या मागे थांबून राहतात, त्यांचा श्वास झाला की मगच पुढे सरकतात. हे गाणं गॉस्पेल गीतकार थॉमस डॉर्सींचं. 1932 साली ते गावाबाहेर असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, त्या दुःखातून आलेलं. हात धर, मी थकलोय, असं देवाला सांगणारा माणूस सरळ एका दमात कसा गाईल? 9 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत बाईंनी हेच गाणं म्हटलं.

‘समरटाइम’ आणि ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’ एकत्र गुंफलेत तेही ऐकाच. एक अमेरिकी संगीतकार गर्श्विनच्या ऑपेरातली अंगाई, दुसरं गुलामीच्या काळातलं पोरकेपणाचं गाणं. जोड कुठे दिली ते कळतही नाही. ‘डाउन बाय द रिव्हरसाइड’ला पाय आपोआप हलतो.

ज्या गाण्याचं नाव अल्बमला दिलंय ते मात्र मला आजही फिकं वाटतं. ते मुळात 1927 चं दिवाणखान्यातलं इंग्रजी गाणं, चर्चमधलं नव्हे. बाई ते जपून, नीटनेटकं म्हणतात आणि तिथे श्वासही शिस्तीत येतात, म्हणूनच असेल. पण त्याच दशकात शिकागोच्या गोऱ्या वस्तीत त्यांनी घर घेतलं आणि खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे वाचल्यापासून ‘या घराला आशीर्वाद दे’ ही ओळ आली की मी सुई उचलत नाही. पूर्ण ऐकतो.

जुनी प्रत घेणार असाल तर विक्रेत्याला ‘प्रेशस लॉर्ड’ची पहिली दोन मिनिटं वाजवून फोनवर पाठवायला सांगा. जोरकस गाण्यात खरखर दबून जाते, इथे नाही. आणि त्या श्वासांच्या जागा स्वच्छ ऐकू येत नसतील तर पैसे देऊ नका.