७८ हजार किलोमीटरची म्हणून दोन लाखांवर पळालेली डिझेल गाडी गळ्यात मारली

आधी हिशेब. गाडीचे ३,४०,०००. ट्रान्सफरचे म्हणून रोख १२,०००. इन्शुरन्स ९,४००. आणि इंजिन खोलल्यावर १,१२,५००. बेरीज ४,७३,९००. एवढ्या पैशात आज माझ्या दारात २०१४ ची एक डिझेल सेडान उभी आहे. खरं किलोमीटर सांगून विकायला काढली तर दोन लाखसुद्धा यायचे नाहीत. खोटं सांगितलं तर येतील, पण ते ज्यांना जमतं त्यांनीच मला टोपी घातली.

पुण्याजवळचा एक कार बाजार. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलाने तंबी दिली आहे. मीटर मागे फिरवतात, जाड ऑइल टाकून धूर दाबतात, हे तुम्हाला ठाऊक असतं, मलाही ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्यालाही कसं गुंडाळतात तेवढं वाचा.

मी डोळे झाकून गेलो नव्हतो. दिल्ली पासिंगची गाडी घ्यायची नाही हे आधीच ठरवलं होतं. तिकडे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिथल्या गाड्या एनओसी घेऊन पडेल भावात इकडे उतरतात, आणि आधी कोणी कशी चालवली याचा पत्ता लागत नाही. ही एमएच पासिंग, दुसरा मालक. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून पाहिला, बँकेचा बोजा नाही, चलन नाही. मीटरवर ७८,४१२. अकरा वर्षांत एवढंच? "साहेब, डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना." कार बाजारातल्या सगळ्या गाड्या डॉक्टर, बँक मॅनेजर नाहीतर मिलिटरीवाल्याच्याच असतात. वर्षाला सात हजार किलोमीटर चालवणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून डिझेल घेईलच कशाला, हे तिथेच विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

आता जिथे कळायला हवं होतं ते. आदल्या संध्याकाळी फोन करून बजावलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं आणि पहिला धूर कसला येतो, यातच अर्धा निकाल लागतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा येऊन थांबलाच नाही, तर इंजेक्टर तरी गेलेत किंवा पाणी आत उतरतंय. पोहोचलो, बॉनेटवर हात ठेवला, गरम. पुसणारा पोरगा म्हणाला, "काका, धुवायला बाहेर काढलेली." गाडी ओली होतीच की. मला पटलं, कुणालाही पटलं असतं.

बरोबर मेहुणे होते. आयुष्यभर ट्रॅक्टर खोललेला माणूस. त्यांनी गाडी चालू करायला लावली आणि ऑइलच्या झाकणाला हात घातला. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर चालू इंजिनाचं झाकण सैल करताच तिथून धूर भकाभका बाहेर येतो, झाकण नुसतं टेकवून ठेवलं तर जागेवर नाचतं. फुकटातली एवढी खात्रीची परीक्षा दुसरी नाही. बाजारवाल्याने त्यांचं मनगटच धरलं. "पाहुणं, गरम ऑइल उडंल, भाजाल." दुसऱ्या हाताने पोराला खूण केली, पोराने चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि मग या गृहस्थाने स्वतःच झाकण उघडून आत टॉर्च मारला. "बघा, कसं सोन्यासारखं ऑइल आहे." खरंच सोन्यासारखं होतं. जुन्या डिझेल इंजिनात नवं ऑइल ओतलं तरी थोडं फिरलं की काळं पडतं. आतलं ऑइल इतकं स्वच्छ होतं म्हणजे ते जेमतेम आदल्या दिवशी ओतलेलं होतं. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी ऑइल मोजायची पट्टी काढून बघत होतो, लेव्हल बरोबर आहे म्हणून समाधान मानत होतो. त्या मनगट धरण्याचा अर्थ कळायला मिस्त्री असावं लागत नाही, हे आता रोज रात्री कळतं.

चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर, एसी चालू, गाणी चालू. चढ नाही की ओझं नाही. गॅरेजला नेऊन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, तपासतो म्हटलं तर, "टोकनशिवाय गाडी बाहेर जात नाही." टोकन दिलं २०,०००, यूपीआयने. मग, "ग्लो प्लग खोलायचे नाहीत साहेब, तुटला तर भरणार कोण?" हे गार इंजिन तापवणारे प्लग, दाब मोजायचं गेज त्यांच्याच जागी बसतं. आणि वर दुपारी दुसरी पार्टी येतेय हे ठरलेलं. ही पार्टी कधीच येत नसते. टोकन द्यायचंच असेल तर 'तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून घेऊन द्या. लिहून देत नसेल तर तिथूनच रिक्षा पकडा.

बाकीचे दोन लाख आरटीजीएस, १,२०,००० रोख. रोख का, तर "जीएसटीचं लफडं नको." शेजारच्या टेबलावरही नोटाच मोजत होते, तिथली पद्धतच ती. पावती मिळाली २,२०,००० ची, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'गाडी जशी आहे तशी, इंजिन व गिअरबॉक्सची हमी नाही'.

घरी येताना खंबाटकी घाट चढताना मागचा ट्रकवाला सारखा डिपर मारत होता. वाटलं, घाई असेल. माझ्या गाडीचा धूर त्याच्या काचेवर जात होता.

हजारेक किलोमीटर झाले आणि ऑइलचा दिवा लागला. पट्टी कोरडी. आमच्या मिस्त्रीने ऑइल उतरवलं तर नटातून धार पडेना, काकवीसारखं लोंबत होतं. जाड ऑइल आणि वर घट्ट करायचं औषध. त्याने आवाज दबतो, धूर महिनाभर दबतो, तेवढ्यात गाडी विकली जाते. मग स्कॅनर लावला. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने करून ठेवलेली बिघाडाची नोंद, एकही नाही. पण स्कॅनरवर कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली तेही दिसतं. आकडा होता १,१४०. मीटरवर ७९,५३१, म्हणजे मी चालवली १,११९. गाडी माझ्या ताब्यात यायच्या २१ किलोमीटर आधी कोणीतरी सगळे कोड पुसून ठेवले होते. साधा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, हा आकडा बघा.

कॉम्प्रेशन तपासायला १,५०० घेतले. निरोगी डिझेल इंजिनात पंचवीस-तीस बार दाब मिळायला हवा आणि चारही सिलिंडरमध्ये फार फरक नको. माझे २५, २४, १७ आणि १५. मिस्त्री काही बोलला नाही, तंबाखू मळत बसला. पुढचं १,१२,५०० चं बिल म्हणजे पिस्टन-रिंगा, बोअर, बेअरिंग, हेडचं काम आणि टर्बो.

आता मीटर. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा इतिहास असतो, पण मी घेण्याआधी विचारलं तेव्हा "ओनरलाच देतो" म्हणाले. आरसी माझ्या नावावर झाल्यावर पाच मिनिटांत प्रिंट दिली. सप्टेंबर २०१९ ची नोंद, १,४६,२१२ किलोमीटर. वाचून माझे हात थरथरले. म्हणून सौदा ठरवायच्या आधी मूळ मालकाला फोन लावायला सांगा आणि त्याच्याच तोंडून सर्व्हिस सेंटरला परवानगी घ्या. 'मालक बाहेरगावी आहे' म्हणाले की समजायचं ते समजा. मी आरसीवरच्या जुन्या मालकाला गाठलं. डॉक्टर नाहीतच, तालुक्याच्या गावी खतांचं दुकान आहे. "मी दिली तेव्हा दोन लाख दहाच्या पुढं गेलेली," एवढं बोलले. लिहून द्या म्हटल्यावर फोन उचलायचं बंद झालं.

बाजारवाला? "जुनी गाडी आहे साहेब, गॅरंटी पाहिजे होती तर शोरूमला जायचं."

मग सुरू झाली सरकारी दारं. विक्री झाली त्या भागातल्या चौकीत म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार द्या. आमच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा तिकडे घडला. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात लिहिलंय. त्या कलमाची प्रिंट पुढे ठेवली तर हवालदार म्हणाले, "साहेब, शिकलेले दिसता, मग बघून घ्यायची ना गाडी." वर, "हे सिव्हिल मॅटर आहे." मीटर मागे फिरवून लाखभर जास्त उकळणं सिव्हिल कसं? न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ वं कलम कशासाठी आहे? शेवटी अर्जाची पोच मिळाली, तीही शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे असल्यामुळे नुसत्या सहीची.

आरटीओत त्याहून भारी. "चेसिस नंबर जुळतो ना? मग आमचं काम संपलं." मी विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला तुमचं अधिकारपत्र लागतं, या माणसाकडे ते आहे का? खिडकीवरच्याने असा नियम असतो का म्हणून शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने जेवणाची सुट्टी झाली म्हणून सांगितलं. माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' म्हणजे अधिकारपत्र नाही की फाइल हरवली? नियम करायचा केंद्राने, पाळायचा कोणीच नाही, आणि पैसे मोजायचे माझ्यासारख्याने. त्या नियमात ताब्यात आलेल्या गाडीची प्रत्येक फेरी डीलरने नोंदवायची, किलोमीटरसकट, असंही आहे. तेवढं एक रजिस्टर कोणी तपासलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आणखी एक खोच आहे. फॉर्म २९ आणि ३० वर विकणारा म्हणून जुन्या मालकाची सही असते, बाजारवाल्याचं नाव कुठेच नसतं. आयोगात त्याच्या वकिलाचं पहिलं म्हणणं हेच, की आमचे अशील फक्त मध्यस्थ. आरटीजीएस त्याच्या खात्यात गेलं म्हणून मी अजून उभा आहे. १,२०,००० ची रोख मात्र दिलीच नाही असं तो शपथेवर सांगतो. एक रुपयाही रोख देऊ नका, आणि किलोमीटर किती ते व्हॉट्सॲपवर त्याच्याकडूनच लिहून घ्या. माझ्याकडे त्याने पाठवलेला मीटरचा फोटो आहे, खाली त्याचंच 'जेन्युइन किमी'.

ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो, विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागणार असेल तर पाच. मला पुढची तारीखच चार महिन्यांनंतरची मिळाली. फी मात्र पडली नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ती नसते. मधल्या काळात समोरून निरोप आला की २५,००० घ्या आणि तक्रार मागे घ्या. घेतली नाही.

पुण्याजवळच्या त्याच पट्ट्यातून कोणी डिझेल गाडी घेतली असेल तर आधी सर्व्हिस सेंटरची प्रिंट काढा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि 'मला उशिरा कळलं' हे तिथे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.