कवेलूच्या घरातील मॉड्युलर किचन : तालुक्याच्या एका फर्निचर कारखान्याचे काम

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील आमचे घर कवेलूचे, म्हणजे कौलारू असून भिंती विटांच्या असल्या तरी त्यांची जुडाई मातीची आहे. अशा घरात मॉड्युलर किचन बसवायचे म्हटले की शहरातील शोरूमचे नकाशे बहुतेक निरुपयोगी ठरतात, कारण ते पक्क्या सिमेंटच्या भिंती आणि महिन्याचा किराणा गृहीत धरून काढलेले असतात. आमच्याकडे गहू, ज्वारी आणि तुरीची डाळ वर्षाची भरली जाते. शिवाय भिवापुरी मिरचीचे तिखट, लोणच्याच्या बरण्या आणि उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्यांचे डबे असतातच. म्हणून हे काम आम्ही तालुक्याच्या गावातील एका फर्निचर कारखान्याकडे सोपवले.

त्यांची जमेची बाजू अशी, की कारागिराने टेप सर्वांत आधी भिंतीला न लावता धान्याच्या कोठ्यांना आणि मोठ्या गंजांना, म्हणजे पातेल्यांना लावला. मातीच्या जुडाईत अँकर बोल्ट धरत नाही आणि भरलेले कपाट भिंतीसकट खाली येऊ शकते, हे त्याने स्वतःहून सांगितले व वरची सर्व कपाटे जमिनीपासून उभ्या केलेल्या लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर बसवली. कवेलूंच्या फटींतून धूळ पडते आणि उंदीरही उतरतात. त्यामुळे प्रत्येक कपाटाला वरून पत्र्याचे झाकण आहे. कोठ्यांसाठी ओट्याखाली चाकांचे पाट केले असल्याने त्या आता एका हाताने बाहेर ओढता येतात. गंज आणि डेकच्यांसाठी दिलेल्या खोल ड्रॉवरचे चॅनल भरल्या वजनालाही अडखळत नाहीत.

जुना ओटा कडप्पाचा, बुटका आणि तेलाने काळवंडलेला होता. नवा ग्रॅनाइटचा आहे व त्याची उंची सासूबाईंना उभे करून 32 इंच ठरवली. कारखान्याचे नेहमीचे माप 34 इंचांचे आहे. जुन्या कडप्पाचा चांगला तुकडा फेकून न देता खिडकीखाली बसक्या उंचीवर लावून घेतला, आणि पाटवड्या थापायला सासूबाई अजूनही तिथेच बसतात. दारांसाठी आम्ही फिकट, बिनचमकीचे लॅमिनेट निवडले. शोरूममध्ये मन वेधून घेणाऱ्या चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर हळदीचे प्रत्येक बोट उमटते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

आता उणिवा. दरपत्रकात पाण्याला टिकणारे आयएस 710 प्रतीचे प्लायवूड लिहिले होते. प्रत्यक्षात सिंकखालच्या कपाटाची पाठ लाकडाचा भुसा दाबून केलेल्या साध्या पार्टिकल बोर्डाची निघाली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती फुगली. दारांच्या कडेच्या पट्ट्या यंत्राने न दाबता हाताने चिकटवल्या होत्या, त्यामुळे मे महिन्याच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात शेगडीजवळच्या पट्ट्या सुटल्या. सिलिंडरचे कपाट तर चारही बाजूंनी बंद करून दिले होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, त्यामुळे जाळी खालच्या बाजूला हवीच. ती त्यांनी सांगितल्यावर कापून दिली, मात्र हे सांगावे लागणे मला गंभीर वाटते. पाठीचा बोर्ड बदलून मिळाला, तोही मालकांना वारंवार फोन केल्यावर आणि पेरणीची गडबड संपल्यावर, कारण त्यांचे निम्मे कारागीर स्वतः शेतकरी आहेत. या कारणाला मी फारसा दोष देणार नाही. आमचेही घर त्या दिवसांत शेतातच असते.

हिशेबात एक गोष्ट खटकली. दर चौरस फुटाचा सांगितला जातो, मात्र बिजागऱ्या, चॅनल आणि स्टीलच्या जाळ्या बिलात वेगळ्या लागतात व एकूण रक्कम बोलीपेक्षा बरीच वर जाते. ज्यांना त्यांच्याकडून काम करून घ्यायचे असेल त्यांनी प्रत्येक कपाटाच्या पाठीचा बोर्ड कोणता, जाळ्यांचे स्टील सहसा न गंजणारे 304 प्रतीचे की स्वस्तातले 202 प्रतीचे आणि कडा यंत्राने लावणार की हाताने, एवढे दरपत्रकावर लिहून घ्यावे. प्लायवूड घरी उतरताच त्यावरील आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो, आणि तो कापणी सुरू होण्यापूर्वी तपासलेला बरा, कारण एकदा लॅमिनेट चढले की आत काय आहे ते दिसत नाही.