मलबार प्रिन्सेस की ७०७? माझं मत सांगतो

एअर इंडियाच्या जुन्या विमानांचा विषय निघाला की मी आधी कॉन्स्टेलेशन या प्रकारच्या विमानाचीच बाजू घेतो. तीन शेपट्या आणि माशासारखं वळलेलं अंग, असलं देखणं विमान परत झालंच नाही! ८ जून १९४८ ला त्यातलंच एक, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, प्रवासी फक्त ३५, पंखेवाली चार पिस्टन इंजिनं, आणि ताशी साधारण ५०० किमी स्पीड, म्हणजे पोचेपर्यंत कान किती बधिर होत असतील विचार करा.

बोइंग ७०७ आलं १९६० मध्ये आणि सगळं चित्रच पालटलं, जेट इंजिनं, स्पीड जवळजवळ दुप्पट, त्याच वर्षी न्यूयॉर्कही सुरू. सोयीच्या बाबतीत सरळसरळ ७०७ च, वाद नको. नावंही बघा ना, आधी राजकन्या, मग हिमालयाची शिखरं.

पण अंगावर काटा येतो तो एका गोष्टीने. 'मलबार प्रिन्सेस' नोव्हेंबर १९५० मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं, ४८ जण गेले, आणि जानेवारी १९६६ मध्ये ७०७ 'कांचनजंगा' त्याच डोंगरावर, ११७ जण, त्यात होमी भाभा.