सीटपोस्टला कोणतं ग्रीस? बडोद्यात आठ महिने वापरून

जून ते जानेवारी. एकसारख्या दोन सायकली, दोन्हींची फ्रेम क्रोमोली स्टीलची, दोन्हींत 27.2 मिमीचा ॲल्युमिनियम सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा, फ्रेमच्या नळीत बसणारा दांडा (दुकानात ‘सीट पिलर’ मागा). मागे मडगार्ड नाही. रोज अकोटा ते मकरपुरा, रविवारी आजवा. एकीच्या पोस्टला साधं लिथियम ईपी-2, म्हणजे गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस, दुसरीला कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस, म्हणजे बोटींच्या सामानाला लावतात ते.

आधी पोस्ट का अडकतो, ते समजून घ्या. स्टील, ॲल्युमिनियम आणि मध्ये पाणी, की बॅटरीसारखा सेल तयार. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याचा पांढरा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि पोस्ट नळीत पाचरीसारखा आवळला जातो. घामातलं मीठ हे काम आणखी लवकर उरकतं. म्हणून ग्रीस इथे सरकण्यासाठी नाही, पाणी अडवण्यासाठी. हे एकदा पटलं की निवड सोपी होते.

सप्टेंबरअखेर दोन्ही पोस्ट काढले. लिथियमचा थर क्लॅम्पखाली (पोस्ट आवळणाऱ्या कड्याखाली) दोन-तीन सेंटिमीटर धुऊन गेलेला, बाकीचा दुधाळ झालेला, आणि नळीच्या तोंडाला मागे जी चीर असते तिच्यासमोर पांढरी भुकटी. पोस्ट सुटला, पण कुरकुरत. कॅल्शियमवाला हाताने फिरवताच वर आला, थर जागेवर. लिथियम टाकाऊ नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत दोघांत फरक दिसला नाही. पावसात मात्र ते वापरायचं तर पोस्ट दर महिन्याला काढावा लागेल. तांब्याचं अँटीसीझ (भाग अडकू नयेत म्हणून लावायची, धातूचे कण असलेली पेस्ट) मुद्दाम टाळलं: तांबं आणि ॲल्युमिनियम ही जोडी स्टीलपेक्षाही वाईट. अँटीसीझच हवं असेल तर ॲल्युमिनियमच्या कणांचं घ्या.

काढण्याआधी सीटची उंची कळावी म्हणून पोस्टवर नळीच्या काठाशी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. पोस्ट फिरवत काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा. भुकटी स्कॉचब्राइटने काढा, पॉलिशपेपरने नको, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) निघून जातं. नळीच्या आत काठीला चिंधी बांधून फिरवा. काळं येणं थांबेपर्यंत चिंध्या बदला. मग आत जाणाऱ्या पूर्ण भागावर आणि नळीतही पातळ हात, एकूण चार-पाच ग्रॅम. फिरवत खाली घाला. सांध्यावर ग्रीसचं जे कडं जमतं ते सगळं पुसू नका, पाणी तिथूनच उतरतं. फ्रेमची चीर मागच्या चाकाकडे असते, म्हणून क्लॅम्प फिरवून त्याची फट दुसरीकडे न्या. जुन्या ट्यूबचा चार सेंटिमीटरचा तुकडा सांध्यावर चढवला तर उडणारं पाणी बरंच थांबतं. मुसळधार पावसानंतर पोस्ट काढून सायकल उलटी ठेवा, नळीतलं पाणी निथळेल.

“ग्रीस लावलं म्हणून सीट खाली सरकते” ही तक्रार बहुधा चुकीच्या मापाची असते. मापं 0.2 मिमीच्या फरकाने येतात, 27.2 च्या नळीत 27.0 चा पोस्ट घसरणारच. क्लॅम्पवर लिहिलेलाच टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) द्या, बहुतेकांवर 5 ते 7 न्यूटन-मीटर असतो. बोल्टच्या आट्यांनाही ग्रीस हवं.

पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची (कार्बन फायबरची) असेल तर वरचं कोणतंच ग्रीस लावू नका. तिथे फक्त कार्बन पेस्ट, जिच्यात पकड देणारे बारीक कण असतात.

अर्ध्या किलोचा डबा कित्येक वर्षं पुरेल. उरलेलं पेडलच्या आट्यांना लावा, तेही असेच धरून बसतात.